२१४७४८३६४७ प्राइम आहे हे कागद-पेनने कसं तपासायचं

कोडिंग करणाऱ्यांना हा आकडा पाठच असतो, ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरची (अधिक-वजा दोन्ही चालणाऱ्या पूर्णांकाची) सगळ्यात मोठी व्हॅल्यू, २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. पण तो प्राइम आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच त्याला भाग जात नाही, आणि ते सिद्ध करायला कॉम्प्युटर लागत नाही, १७७२ साली ऑयलर या गणितज्ञाने केलं तेव्हा त्याची नजरसुद्धा जवळजवळ गेली होती.

शाळेतली पद्धत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या प्राइमनी भागून बघायचं. वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढे, आणि तिथपर्यंत प्राइम पावणेपाच हजारांच्या वर, कोण करणार एवढं. म्हणून आधी आकडा ओळखा: २^३१ − १, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. सगळी खुबी इथेच आहे.

समजा क या प्राइमने त्याला भाग जातो. म्हणजे २^३१ ला क ने भागलं की बाकी १. ३१ स्वतः प्राइम, त्यामुळे फर्माच्या छोट्या प्रमेयाने (२^(क − १) ला विषम प्राइम क ने भागलं की बाकी १ च) क − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि क विषम आहे म्हणून ६२ नेही. आता अजून भारी गोष्ट, २^३२ ची बाकी येते २, आणि २^३२ हा तर २^१६ चा वर्ग, म्हणजे क ने भागून उरणाऱ्या बाकीच्या हिशोबात २ हा वर्ग झाला, आणि असं फक्त क ला ८ ने भागून १ किंवा ७ उरत असेल तरच होतं. दोन्ही अटी जोडल्या की क हा २४८न + १ किंवा २४८न + ६३ असाच असू शकतो (न म्हणजे ०, १, २... असा कोणताही आकडा), तिसरा पर्यायच नाही. मला तर हे गणितातलं सगळ्यात सुंदर काटछाटीचं काम वाटतं.

आता वर्गमूळापर्यंत उरले फक्त ३७३ आकडे, त्यातही ६३, २४९, ४९७ असे फुटणारे सोडून द्या. पहिला खरा उमेदवार ३११, मग डायरेक्ट १३०३.

लांबलचक भागाकार करत बसू नका, घात चढवत जा. ३११ साठी: २^८ = २५६, त्यातून ३११ वजा केले म्हणजे −५५ (बाकी अशी वजा घेतली तरी चालते). त्याचा वर्ग ३०२५, म्हणजे −८५. दोघांचा गुणाकार ४६७५, म्हणजे २^२४ ची बाकी १०. गुणिले १२८ केलं की १२८०, बाकी ३६. त्यातून १ गेला, ३५ उरले, शून्य नाही, ३११ बाद. असंच शेवटपर्यंत.

एवढंही नको असेल तर लुकास-लेहमर टेस्ट वापरा, ती २ च्या घातातून १ वजा केलेल्या अशाच आकड्यांसाठी आहे: ४ पासून सुरुवात, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या आकड्याने भागून बाकी घ्या, हे घातापेक्षा दोन कमी वेळा, म्हणजे इथे २९ वेळा. शेवटी शून्य आलं तर प्राइम. आधी १२७ वर, म्हणजे २^७ − १ वर हात बसवा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. मग २^११ − १ म्हणजे २०४७ घ्या, तिथे नवव्या पायरीला शून्य नाही, १७३६ येतं, कारण तो २३ × ८९ आहे.