रात्रीचा ब्रश आई-बाबांच्या हातचा

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असं म्हणून सोडून देणारी घरं अजून पुष्कळ आहेत. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडतात खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्यातली एखादी किडून पाचव्या वर्षीच काढावी लागली, की मागची दाढ त्या फटीत सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू करायचा. सहाव्या महिन्यात दिसो नाहीतर वर्षाने. पेस्ट फ्लोराइडची, साधारण १००० पीपीएमची (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड). तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात ती विसरा.

सकाळचा ब्रश मुलाला हवा तसा करू द्या. रात्रीचा मात्र सात-आठ वर्षांचं होईपर्यंत तुम्हीच करायचा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांना चिकटलेलं धुऊन निघत नाही.

लहान मूल असेल तर मांडीवर आडवं घ्या, डोकं तुमच्या पोटाशी. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ उचला. ब्रश दात आणि हिरडी मिळते तिथे जरा तिरका टेकवून छोटे छोटे गोल फिरवा. गालाकडच्या बाजूला ‘मोठा आ कर’ म्हणू नका. गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही. तोंड अर्धवट मिटलं की जागा होते. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू हमखास सुटते, ती आधी उरका. रडलं तर रडू दे, तोंड आयतं उघडं मिळतं.

शेवटी नुसतं थुंकायचं. खळखळून चूळ भरली की कामाचं फ्लोराइडही वाहून जातं. आजी-आजोबांना हे पटवणं सगळ्यात अवघड! यानंतर पाण्याशिवाय काही नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे चार दात आधी जातात; खालच्यांवर जिभेचं पांघरूण असतं.

आठवड्यातून एकदा उजेडात ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तर फ्लोराइडच्या लेपाने भागू शकतं, खड्डा पडल्यावर नाही.

खाण्यात पेढा, लाडूपेक्षा मला दुपारभर चघळलेल्या बिस्किटांची भीती जास्त वाटते. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त बाधतं. चहात बुडवलेलं बिस्कीट तर दाढेच्या खाचेत लगदा होऊन बसतं.

सहाव्या वर्षी मागे टॉर्च मारून बघायला विसरू नका. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ती येताना काहीच पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. अर्धवट वर आलेली असताना ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. तिच्यासाठी ब्रश आडवा, गालाच्या कोपऱ्यातून घाला. पुरती वर आली की डॉक्टरांना विचारून खाचांत सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ लेप, भरून घ्या. दुखत नाही, इंजेक्शनही लागत नाही.