पाळणाघरातलं मूल वेगळं वाटलं तर काय बघायचं, आणि आईबाबांना कसं सांगायचं

१७ वर्षं डोंबिवलीत पाळणाघर चालवतेय. ऑटिझमवरचे सल्ले वाचले की वैताग येतो, एकतर 'प्रत्येक मूल वेगळं असतं, थांबा', नाहीतर लक्षणांची लांबलचक यादी आणि शेवटी 'तज्ज्ञांना भेटा'. मधलं कोण सांगणार? मूल दिवसाचे नऊ तास आपल्याकडे, शेजारी त्याच वयाची आठ-दहा पोरं, त्यामुळे फरक आपल्याला आधी दिसतो, घरी एकुलत्या एकाशी ताडून बघायला दुसरं मूलच नसतं. निदान डॉक्टर करतील, आपण बघायचं, लिहायचं आणि वेळेत सांगायचं.

१) बघा

सगळे आधी 'बोलतो का' विचारतात. मी बोट बघते. आमच्याकडे सकाळी घंटागाडी येते, गाणं ऐकू आलं की दीड वर्षाची पोरं खिडकीकडे पळतात, बोट दाखवतात आणि वळून माझ्याकडे बघतात, म्हणजे ताई तू पण बघतेयस ना. ते वळून बघणं मला हवं असतं. एखादा रोज खिडकीला चिकटतो, गाडी आवडते, पण ना बोट ना वळून बघणं, मग मी वही काढते.

बाकी काय, तर वर्ष उलटलं तरी नावाला ओ नाही (बिस्किटाचा पुडा फोडला की मात्र आतल्या खोलीतून धावत येतो), टाटा नाही, पाणी हवं तर आपलं मनगट धरून बाटलीवर नेऊन ठेवतो पण तोंडाकडे बघत नाही, दोन वर्षांचा झाला तरी बाहुलीला खोटाखोटा चहा पाजणं नाही. हात फडफडवणं, गाडीची चाकंच फिरवत बसणं, मिक्सर लावला की कान झाकणं हेही टिपा, पण यातलं एखादंच असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, ते कितीतरी मुलांत असतं. येत असलेले शब्द गेले तर मात्र थांबायचं नाही, वय काहीही असो. आणि मुलींकडे जरा जास्त लक्ष, कोपऱ्यात गप्प खेळणारी पोरगी 'किती गुणी' म्हणून नजरेतून सुटते.

२) लिहा

दोन आठवडे, तारीख-वेळ घालून. 'विचित्र वागतो' नको, 'सव्वाअकरा, चार वेळा हाक मारली, बघितलं नाही' असं. नवीन आलेलं मूल आधी रुळू द्या. आईबाबांना विचारल्याशिवाय व्हिडिओ काढायचा नाही.

३) सांगा

इथे मी तोंडावर आपटलेय. सुरुवातीच्या वर्षांत एका आईला संध्याकाळी सातला, दारातच, ती लोकलमधून उतरून भाजीची पिशवी घेऊन उभी, मी बोलून गेले की मला हा ऑटिझम वाटतो. सोमवारी मूल आलं नाही. नंतरही नाही. त्याची तपासणी झाली की नाही मला आजतागायत माहीत नाही, आणि मी बरोबर होते की चूक याने काय फरक पडतो, मूल तर गेलं.

तेव्हापासून दारात एक शब्द नाही. शनिवारी बोलवायचं, दोघांना. एकट्या आईला सांगितलं तर घरी जाऊन तिलाच ऐकावं लागतं, तू नोकरी करतेस म्हणून झालं, तू मोबाईल दिलास म्हणून झालं. बसले की आधी तुम्ही विचारा, घरी हाक मारल्यावर काय करतो, काही दाखवायला आणतो का. आणि मग गप्प बसा. दहापैकी सात वेळा आईच्या मनात ते आधीपासून असतं, तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं असतं. मग वही उघडा, लिहिलंय तेवढंच वाचा. मुलाला काय छान येतं तेही सांगा, पण खरं असेल ते.

'ऑटिझम' हा शब्द आपण काढायचा नाही. त्यांनी विचारलं तर 'ते मी ठरवू शकत नाही, पण या महिन्यात दाखवून घ्या' एवढंच. 'काळजी करू नका' अजिबात म्हणू नका, ते ऐकून लोक वर्षभर निवांत बसतात.

आजी हमखास म्हणणार, याचा बाप पण साडेतीन वर्षांचा होऊन बोलला. वाद घालू नका. म्हणा, आजी, बोलणं राहू दे, तो बोट दाखवतो का? उशिरा बोलणारी बरीच मुलं खुणा करतात, सांगितलेलं कळतं, हवं ते दाखवून मागतात. इथे तेच नाहीये. लसीमुळे ऑटिझम होतो असा विषय निघाला तर ती शंका पसरवणारा १९९८ चा पेपर छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला, एवढं सांगून पुढे चला.

नाही म्हणाले तर भांडू नका, महिन्याने परत बसा.

४) पाठवा

मुलांच्या डॉक्टरकडे, आणि कानाची तपासणी नक्की. कान नीट निघाले म्हणजे सुटलो असं समजून लोक तिथेच थांबतात, तसं होऊ देऊ नका. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची प्रश्नावली असते, तिचा कौल म्हणजे निदान नव्हे. पैशांचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणारं केंद्र) आहे का विचारा, शून्य ते १८ वयाच्या मुलांसाठी सरकारी सोय आहे. अंगणवाडीत आरोग्य पथक वर्षातून दोनदा येतं, आपल्या खाजगी पाळणाघरात कोणी येत नाही.

५) नंबर लागेपर्यंत

थेरपीला वेटिंग असतं. तोवर मी घंटागाडी आली की त्याच्या शेजारी खाली बसते, बोट दाखवते, 'गाडी' म्हणते, थांबते. बिस्किट हातात धरून दोन क्षण त्याच्या बघण्याची वाट बघते, पण रडवत नाही.

अजून एक, हे मला फार उशिरा सुचलं. आता मी दर सहा महिन्यांनी सगळ्याच आईबाबांना शनिवारी अर्धा तास बोलावते, मूल कसंही असो. त्यामुळे 'ताईंनी बोलावलंय' म्हटलं की कुणाच्या पोटात गोळा येत नाही.