परिषदेत फोटो: नकार दिसेल अशी सोय करा

नोंदणी अर्जात ‘फोटो काढायला हरकत नाही’ असा रकाना टाकला की आयोजकांना काम उरकल्यासारखं वाटतं. पण फोटोग्राफरच्या हातात तो अर्ज नसतो. त्याच्यासमोर असते नुसती गर्दी. म्हणून नकार लांबूनही दिसला पाहिजे.

त्यासाठी बॅजच्या गळपट्ट्या दोन प्रकारच्या घ्या. बॅजवर नुसतं स्टिकर लावलं तर फसतं, कारण बॅज हमखास उलटा होतो. लावायचंच तर दोन्ही बाजूंना लावा. लाल-हिरवी जोडी नको, रंगांधळेपणात बहुतेकदा याच दोन रंगांचा घोळ होतो. एक पट्टी साधी आणि दुसरी, ‘फोटो नको’ म्हणणाऱ्यांची, जाड रेघांची असली की रंगाचा प्रश्नच मिटतो. पट्ट्या टेबलावर ठेवून ज्याची त्याला उचलू द्या, आणि कृपा करून ‘का हो, फोटो का नको?’ असं विचारू नका. दुपारी कुणाचं मन बदललं तर देता याव्यात म्हणून रेघांच्या पट्ट्या जास्तीच्या ठेवा.

मंचावरून प्रेक्षकांचा फोटो घेताना मागच्यांच्या पट्ट्या दिसत नाहीत. तेव्हा मागचा एक कोपरा ‘फोटो नाही’ म्हणून राखा आणि तो फोटोग्राफरला आधीच दाखवा. तेवढा भाग त्याने फ्रेमबाहेर ठेवायचा. ग्रुप फोटोआधी ‘ज्यांना नको त्यांनी बाजूला व्हा’ म्हणा आणि दहा सेकंद खरोखर थांबा.

अप्रकाशित आकडे असलेल्या प्रत्येक स्लाइडवर फुली मारलेला कॅमेरा टाका. पहिल्याच स्लाइडवर टाकला तर उशिरा आलेल्याला कसा कळणार? संशोधनाच्या पोस्टरशेजारी त्याचा लेखक नसेल तर फोटो न काढता पोस्टरचा क्रमांक टिपून घ्या. फ्लॅश आणि शटरचा आवाज लोक बंद करतात, पण फोकससाठी लागणारा छोटा दिवा विसरतात; अंधाऱ्या सभागृहात तो थेट वक्त्याच्या डोळ्यांत जातो.

फोटो टाकण्याआधी मोठा करून पार्श्वभूमी तपासा: उघडा लॅपटॉप, बॅजवरचं नाव, मागे रेघांची पट्टी घालून उभं असलेलं कुणी. युरोपात २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं लागतं. कायदा लागू असो-नसो, फोटो काढून टाकण्याच्या विनंतीसाठी एकच ईमेल पत्ता ठेवा आणि तो कार्यक्रमपत्रिकेवर छापा. विनंती आली की नुसती पोस्ट उडवू नका. मेमरी कार्ड, क्लाउड आणि आयोजकांच्या फोनमधल्या प्रतीही पुसा.