सायकलसाठी जीपीएस युनिट घ्यावं की मोबाईल पुरे? खानदेशच्या उन्हात ठरवायची रीत

सायकल घेऊन महिना झाला की माणूस विचारतो, "भाऊ, जीपीएस कोणतं घेऊ?" म्हणजे हँडलला लावायचं, वाट दाखवणारं आणि राइड नोंदवणारं छोटं युनिट. लगेच चार जण चार मॉडेलांची नावं सांगतात. ही नावं ऐकून पैसे घालवलेले बरेच लोक मला माहीत आहेत. मॉडेल शेवटी बघायचं. आधी बघायचं ते आपण किती तास आणि कोणत्या उन्हात सायकल चालवतो ते. पुण्या-बंगळुरूच्या हवेत बसून दिलेला सल्ला भुसावळच्या एप्रिलमध्ये चालत नाही.

१. तास मोजा

गेल्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात लांबची राइड किती तासांची झाली आणि घरी किती वाजता पोचलात, एवढंच कागदावर लिहा. पहाटे जळगावच्या मेहरूण तलावाला दोन-चार फेऱ्या मारून आठच्या आत घरी येत असाल, तर युनिट घेऊ नका. मोबाईल खिशात ठेवा आणि पैसे चांगल्या टायरांना लावा.

२. मोबाईलची उन्हात परीक्षा घ्या

सगळा निकाल इथेच लागतो. बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. मीही गाळली होती.

मार्च संपत आला होता. भुसावळहून पहाटे निघालो, तापीचा पूल ओलांडला, सावदा, खिरोदा करत पालचा घाट चढलो. मोबाईल हँडलला, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये. स्क्रीन सतत चालू, खालून पॉवर बँकेची वायर. जाताना काही अडचण आली नाही. परतताना अकराच्या सुमारास घाट उतरलो तर स्क्रीन काळी पडलेली. ब्राइटनेस पूर्ण होता, तरी हाताची सावली धरल्याशिवाय नकाशावरची वाटेची रेघ दिसेना. थोड्या वेळाने चार्जिंग थांबलं, मग तापमानाचा इशारा आला आणि शेवटी मोबाईल बंद पडला. चहाच्या टपरीवर थांबलो आणि घाईघाईने बाटलीतलं गार पाणी त्यावर ओतायला निघालो. टपरीवाला म्हणाला, "भो, पाणी नका टाकू, निंबाखाली ठेवा अर्धा तास." त्याचं बरोबर होतं. तापलेल्या मोबाईलला एकदम गार केलं की आत ओल साचते. अर्ध्या तासाने तो चालू झाला. तोवर घरी फोन करता आला नव्हता आणि आई दारात येऊन उभी होती. मोबाईल बंद पडला की नकाशा जातो आणि मदतीला हाक मारायचं साधनही जातं.

चूक मोबाईलची नव्हती. ॲपल स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस हवेत वापरावा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४३-४५ वर जातो. त्यात मोबाईलची काळी पाठ, बंद पाऊच, पूर्ण ब्राइटनेस आणि चार्जिंग. या चारही गोष्टींची उष्णता एका जागी साठते. पाऊच तर उन्हाळ्यात वापरूच नका. पाऊस सोडला तर त्याचा काही उपयोग नाही.

परीक्षा अशी घ्या. ओळखीचा रस्ता निवडा, घराजवळचा. सकाळी दहाला निघून बाराला परत या. मोबाईल पाऊचशिवाय हँडलला लावा, राइड रेकॉर्ड करणारं ॲप आणि स्क्रीन चालू ठेवा, चार्जिंग नको. निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्यावर ॲप चालू ठेवून पण स्क्रीन बंद करून मोबाईल जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा, आणि तेच आकडे लिहा. घामाने भिजू नये म्हणून छोट्या झिप पिशवीत घाला.

समजा, पहिल्या दिवशी दोन तासांत ४० टक्के गेले. म्हणजे पूर्ण बॅटरी पाच तासांची. पण ३० टक्के फोनसाठी राखून ठेवायचे, त्यामुळे हातात साडेतीन तासच उरतात. दुसऱ्या दिवशीचा आकडा बहुतेक वेळा याच्या निम्म्याहूनही कमी येतो, कारण बॅटरी खाते ती मुख्यतः स्क्रीन. आता पायरी १ मधले तास शेजारी ठेवा. खिशातल्या मोबाईलवर राइड बसते आणि रस्ता पाठ आहे, तर युनिटची गरज नाही. वाट सतत स्क्रीनवर बघायची आहे आणि राइड साडेतीन तासांच्या पुढे जाते, तर युनिट घ्या. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास. त्या वाटेला स्क्रीन चालू ठेवलेला मोबाईल पुरणार नाही.

३. रेकॉर्डिंग तुटतंय का बघा

खिशातल्या राइडचा नकाशा घरी येऊन उघडा. वळणाचा रस्ता सोडून शेतांवरून सरळ रेघ गेलेली दिसली, तर अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ॲप मध्येच झोपवलं. त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा आणि लोकेशनची परवानगी कायमची द्या. सुटतं.

४. नकाशा घरीच उतरवा

उपग्रहावरून आपली जागा कळायला मोबाईल नेटवर्क लागत नाही, नकाशाच्या चित्राला लागतं. सातपुड्यात शिरलात की रेंज जाते आणि निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर फिरत राहतो. तोरणमाळला जायचं तर शहाद्याच्या आधीच ऑफलाइन नकाशा आणि जीपीएक्स फाइल (वाटेची रेघ साठवलेली फाइल) मोबाईलमध्ये हवी. युनिट असेल तर त्यातही.

५. घ्यायचंच ठरलं तर

स्वस्तातली युनिटं ५-६ हजारांच्या आसपास मिळतात, वरची मॉडेलं ५० हजारांच्या पुढे जातात. मी तीनच गोष्टी बघतो.

पहिली, स्क्रीन. मोबाईलची स्क्रीन आतून उजेड फेकते. बऱ्याच सायकल युनिटांची स्क्रीन उन्हाचाच उजेड परतवते, म्हणून ऊन वाढलं की आकडे जास्त ठळक होतात. घेण्याआधी दुकानदाराला ते दुकानाबाहेर, भर उन्हात हातात द्यायला सांगा. ट्यूबलाइटखाली बघून काहीच कळत नाही.

दुसरी, बटणं. घामाने ओली बोटं टचस्क्रीनवर चालत नाहीत.

तिसरी, उष्णतेची मर्यादा. डब्यावर नाही, माहितीपत्रकात असते. गार्मिनच्या एज मालिकेतल्या ५३० सारख्या मॉडेलला ती उणे २० ते ६० अंश आहे. मात्र चार्जिंगची मर्यादा यापेक्षा कमी असते, त्यामुळे युनिटसुद्धा उन्हात चार्ज करू नका.

रंगीत नकाशासाठी जास्तीचे पैसे द्यावेत का? महामार्गावर फिरणाऱ्याने देऊ नयेत, साधी रेघ पुरते. पण यावल-रावेरच्या केळीच्या बागांमधून जाणाऱ्यांनी द्यावेत. तिथे दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच केळी, आणि पन्नास पावलांवर दोन शिवरस्ते फुटतात. नुसत्या रेघेवर कोणत्या रस्त्याला वळायचं ते वळण मागे पडल्यावर कळतं.

६. युनिट आलं तरी

मोबाईल घरी ठेवू नका. तो स्क्रीन बंद करून, भरलेल्या बॅटरीने खिशात. युनिट अडकवायचा माऊंट हँडलला घट्ट आवळा, युनिटला दोरीही लावा. आणि गावांची नावं क्रमाने एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. माझ्या पाकिटात आजही एक आहे, घामाने शाई पसरलेली: पाल, खिरोदा, सावदा, तापी पूल, भुसावळ.