काळजीच्या आठवड्यात अकराची पेज

रिपोर्ट यायचाय, निकाल लागायचाय, किंवा नुसताच जीव थाऱ्यावर नाही. त्यात ऑक्टोबरचा उकाडा आणि दुपार कलली की गडगडाट. अशा आठवड्यात मोठे बेत आखू नका. गोव्यातल्या घरांत अकराच्या सुमाराला होते ती पेज तेवढी करा.

वाटीभर उकडे तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा आणि जाड बुडाच्या टोपात सात-आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर ठेवा. कुकर नको. त्यात झटपट होते खरी, पण मग ओट्यापाशी घुटमळायचं निमित्तच जातं, आणि गंमत तर तिथेच आहे. पाणी हळूहळू दुधाळ होतं, शीत फुलून मऊ पडतं, तरी दाणा दाण्याला चिकटत नाही. झाकण गच्च लावलंत तर उतू जाणारच. मध्ये डाव आडवा ठेवा. मीठ शेवटी.

तोंडी लावायला मिठातलं तोर, म्हणजे खारवलेली कोवळी कैरी, किंवा भाजलेला सुका बांगडा. सुक्या सुंगटांची किसमूर, म्हणजे सुक्या कोलंबीची कोशिंबीर, असेल तर विचारायलाच नको! पोट बिघडलेल्याला वरची निवळ तेवढी द्या.

संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की पाव आणायला स्वतः जा, मुलांना पिटाळू नका. फोन घरातच राहू दे. कोंड्याचा पाव, म्हणजे पोयी, घ्या आणि अर्धी तिथेच, गरम असताना खा. चहा होईपर्यंत ती वातड होते.