तांबड्या समुद्राची ऋतूनुसार पातळी घरबसल्या कशी मोजायची

वाशीच्या खाडीपुलावरून रोज जाणाऱ्याला पाणी वर-खाली होतं हे वेगळं सांगावं लागत नाही, ओहोटीला नुसता चिखल आणि भरतीला खारफुटीच्या बुंध्यापर्यंत पाणी. पण ऋतूनुसार अख्ख्या समुद्राची पातळी काही सेंटिमीटर बदलते ती अशी दिसत नाही, आणि ठाणे खाडी इतकी अरुंद की सॅटेलाइटच्या रडारमध्ये जमीनच घुसते. म्हणून शिकायला तांबडा समुद्र घ्या, लांबट, जवळपास बंद, दक्षिणेला बाब-अल-मांदेबची चिंचोळी वाट.

सॅटेलाइट खाली रडारची पल्स सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं, ते स्वतःच्या उंचीतून वजा केलं की पाण्याची उंची. याला अल्टिमीटर म्हणतात, 1992 च्या टोपेक्स-पोसायडन सॅटेलाइटपासून हे चालू आहे, इस्रोने फ्रान्सबरोबर 2013 मध्ये सोडलेला सरल पण त्यातलाच.

कोपर्निकस मरीनवर, म्हणजे युरोपच्या समुद्र-डेटाच्या साइटवर, फ्री अकाउंट काढा, 1993 पासूनचा रोजचा ग्रिड केलेला (छोट्या चौकोनांत म्हणजे सेलमध्ये मांडलेला) सी लेव्हल अनॉमलीचा, म्हणजे पातळी सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे त्याचा, डेटा घ्या, पायथनमध्ये एक्सअरे नावाच्या लायब्ररीने उघडा. साधारण 12.5 ते 28 उत्तर, 32 ते 44 पूर्व एवढा चौकोन कापा, पण खाली उजव्या कोपऱ्यात एडनच्या आखाताचा तुकडा येतो तो मास्क करायला, म्हणजे हिशोबातून वगळायला, विसरू नका. सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनने वेट द्या, कारण उत्तरेकडचे चौकोन लहान असतात. किनाऱ्याला चिकटलेले सेल मी तरी सोडूनच देते.

मग महिन्याची सरासरी, ट्रेंड (वर्षानुवर्षांची सरळ चढ-उतार) काढून टाका, आणि 12 महिन्यांची आणि 6 महिन्यांची साइन वेव्ह फिट करा. इथे एक मोठी गोची आहे. टोपेक्स आणि त्याच्या पुढचे जेसन सॅटेलाइट त्याच जागी साधारण 10 दिवसांनी येतात, त्यामुळे रोजची भरती डेटात भलत्याच संथ लाटेसारखी दिसते, के-1 नावाची दिवसातून साधारण एकदा येणारी भरती तर साधारण 173 दिवसांची वाटते, म्हणजे सहामाहीच्या अगदी शेजारी. भरतीचं मॉडेल वापरून ती आधीच वजा केलेली असते, पण थोडी उरते, म्हणून दोन-तीन वर्षांच्या डेटावर सहामाही आकडा सांगू नका.

ग्राफ आला की पातळी हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्याच्या शेवटी कमी दिसेल. उलटा आलाय वाटेल, कारण गरम पाणी फुगतं हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण कोडला हात लावू नका. इथे वारा जिंकतो, हिवाळ्यात दक्षिण भागात वारा एडनकडून आत वाहतो आणि पाणी आत लोटतो, उन्हाळ्यात उत्तरेचा वारा तेच पाणी बाहेर ढकलतो.

खात्री करायला ग्रेस नावाच्या सॅटेलाइट जोडीचा डेटा घ्या, 2002 ते 2017, आणि पुढे 2018 पासून तिच्या जागी आलेल्या ग्रेस-एफओचा, ते गुरुत्वाकर्षणावरून पाण्याचं वजन सांगतात. अल्टिमीटरमधून तो भाग वजा केला की उष्णता आणि खारटपणाचा वाटा उरतो. मात्र ग्रेसला तीनेकशे किलोमीटरपेक्षा बारीक दिसत नाही आणि हा समुद्र जेमतेम तेवढाच रुंद, त्यामुळे जमिनीचं पाणी मिसळतं, ते करेक्शन लावलेलंच व्हर्जन घ्या आणि हवेच्या दाबाचा परिणाम दोन्ही डेटातून सारखाच काढलाय का ते वजाबाकीच्या आधी तपासा.