फेलोशिपला निघण्याआधी : इंग्लंडला जाणाऱ्या हॅन्ड सर्जनसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी, फेलोशिप (एखाद्या विषयातलं ठरावीक मुदतीचं पुढचं प्रशिक्षण) करून परत आल्यावर आपल्या थिएटरमध्ये कोणतं ऑपरेशन सुरू करायचंय ते ठरवा आणि चक्क कागदावर लिहून ठेवा. ‘हॅन्ड सर्जरी शिकायचीय’ एवढ्यानं भागत नाही. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं), मनगटाची आर्थ्रोस्कोपी (सांध्याचं दुर्बिणीनं केलेलं ऑपरेशन) की संधिवाताचा हात, हे ठरलं की कुठं जायचं त्याचं निम्मं उत्तर मिळतं. कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात सापडलेले हात दुरुस्त करायला शिकायचं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की इंग्लंडला जाऊच नका. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलला जा, तिथं परदेशातले सर्जन फेलो म्हणून शिकायला येतात. मनगट, सांधे, ठरवून केलेल्या ऑपरेशनांची शिस्त आणि हॅन्ड थेरपी यांसाठी मात्र डर्बीचं पल्व्हरटाफ्ट सेंटर किंवा लँकेशायरमधलं राइटिंग्टन यांचा जरूर विचार करा. 1962 मध्ये सर्जन जॉन चार्न्लींनी कृत्रिम खुब्याचं काम मार्गी लावलं ते हेच राइटिंग्टन.

हॉस्पिटल निवडलं की तिथं सध्या काम करणाऱ्या फेलोला गाठा. विभागप्रमुख चांगलंच सांगणार, फेलो खरं सांगतो. आठवड्यात थिएटरच्या लिस्ट (ऑपरेशनांची ठरलेली सत्रं) किती मिळतात, त्याच केसवर आणखी किती फेलो आणि रजिस्ट्रार (शिकाऊ सर्जन) टपलेले असतात, ऑन-कॉल किती, आणि मुख्य म्हणजे सुरी कुणाच्या हातात असते, हे सगळं विचारा. नुसती ऑब्झर्व्हरशिप असेल तर ती महिनाभराच्या वर करू नये. बघून हात बसत नाही.

मग ब्रिटनमधल्या डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे जीएमसीची नोंदणी. तिचे प्रामुख्यानं तीन रस्ते : प्लॅब (जीएमसीची स्वतःची परीक्षा), एमआरसीएस (तिथल्या रॉयल कॉलेजांची सर्जरीची परीक्षा), किंवा मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्रशिक्षण योजनेसारखी स्पॉन्सरशिप. शेवटच्या रस्त्यानं जास्तीत जास्त 24 महिने मिळतात आणि नंतर मायदेशी परतायचं हे गृहीतच असतं. स्पॉन्सरशिपसाठी गेल्या 5 वर्षांपैकी 3 वर्षं आणि त्यातही शेवटचे 12 महिने प्रत्यक्ष प्रॅक्टिस लागते. म्हणून परीक्षेच्या अभ्यासासाठी नोकरी सोडून घरी बसू नका. इंग्रजीसाठी आयएल्ट्स अ‍ॅकॅडमिकमध्ये एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7 लागतात, तेही एकाच बैठकीत.

आता नावाकडे नीट बघा, कारण आपल्याकडची माणसं सर्वांत जास्त इथंच अडकतात. पदवीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या डॉक्टर असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत तिसरंच काहीतरी. पदवीची पडताळणी ‘एपिक’ या यंत्रणेमार्फत होते आणि कागद थेट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जातात. तिथं एका अक्षराचा फरक निघाला तरी फाइल परत फिरते. तेव्हा सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा, स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, आणि राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र काय लागेल ते अर्ज भरण्याआधी करून घ्या. महाराष्ट्र कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नाही असा दाखला) मात्र घाईनं काढू नका, ते तीनच महिने चालतं. नाव जुळल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात काढा.

व्हिसाचं थोडक्यात सांगतो. टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. एक्स-रे आपल्या ओळखीच्या रेडिओलॉजिस्टकडे काढून चालत नाही. मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हच्या व्हिसावर जाणार असाल तर हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर घेतात ती रक्कम) 2024 पासून मोठ्या माणसामागे वर्षाला 1035 पौंड आहे आणि तो आगाऊ भरायचा असतो. नवरा-बायको, मुलं बरोबर नेणार असाल तर आकडा आधीच मांडा.

सर्जनसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या. तिथल्या ऑक्युपेशनल हेल्थनं (कर्मचाऱ्यांच्या आरोग्याच्या विभागानं) मंजुरी दिल्याशिवाय ऑपरेशनला हात लावता येत नाही. लसीकरणाची नोंद आणि अँटीबॉडी टायटरचा (लस लागू पडली का ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बरोबर ठेवा. बूस्टर लागणार असेल तर इथंच घेऊन जा, नाहीतर पहिले काही आठवडे हात बांधून उभं राहावं लागतं.

लॉगबुक (ऑपरेशनांची नोंदवही) आजपासून लिहायला घ्या. तिथं प्रत्येक केससमोर नुसतं असिस्ट केलं, की सिनियर शेजारी वॉश होऊन (ऑपरेशनसाठी हात धुऊन, गाऊन घालून) उभे असताना केलं, की ते थिएटरमध्ये होते पण वॉश झालेले नव्हते, की स्वतःच्या जबाबदारीवर केलं, हे वेगवेगळं नोंदवतात. तशीच सवय लावा. पेशंटचं नाव लिहायचं नाही. आकडा फुगवायचा तर मुळीच नाही. पहिल्याच लिस्टला तुमचा हात बघून खरं काय ते समोरच्याला कळतं.

बोलण्याचाही सराव करा. सकाळच्या टीम ब्रीफमध्ये (लिस्ट सुरू होण्याआधीच्या बैठकीत) प्रत्येकजण नाव आणि काम सांगतो, आणि ‘या केसला टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवायला बांधतात तो पट्टा) चालणार नाही’ असं सगळ्यांत ज्युनिअर माणसानंही म्हणावं अशी अपेक्षा असते. सरांसमोर गप्प बसायच्या सवयीला तिथं काळजीचं कारण समजतात. संमतीपत्र म्हणजे नातेवाइकांची सही नव्हे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या 2015 च्या माँटगोमेरी निकालानंतर त्या पेशंटच्या दृष्टीनं महत्त्वाचा असलेला प्रत्येक धोका त्यालाच समजावून सांगावा लागतो. पेशंट वाद्य वाजवणारा असेल तर करंगळीचा ताठरपणाही त्यात येतो.

इथल्या गोष्टी बांधून जा. सरकारी बाँड (पदवीनंतरची सक्तीची सेवा) बाकी असेल तर आधी पुरा करा. महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी तुम्ही तिकडे असताना संपत नाही ना ते बघा. आणि ज्या हॉस्पिटलमध्ये परतायचंय तिथल्या व्यवस्थापनाशी जाण्यापूर्वीच लेखी बोला : मायक्रोस्कोप कधी येणार, आठवड्यातली कोणती लिस्ट तुमची, ब्लॉक (फक्त हात बधिर करणारी भूल) देणारे भूलतज्ज्ञ कोण. टेंडन शिवल्यानंतरचे सहा आठवडे पेशंट सर्जनकडे नसतो, थेरपिस्टकडे असतो. तेव्हा तुम्ही तिकडे असतानाच एका फिजिओथेरपिस्टला हॅन्ड थेरपीच्या प्रशिक्षणाला पाठवायचं व्यवस्थापनाकडून कबूल करून घ्या, आणि त्याचा खर्च कोण करणार तेही त्याच पत्रात लिहून घ्या.